दसऱ्याचं सोनं आणि पिट्सबर्गची विटांची भिंत

आम्ही ओहायोत, कोलंबसला राहतो. इथल्या बऱ्याच मराठी घरांसारखं आमचंही वर्षातून एकदा पिट्सबर्गला बालाजीचं दर्शन ठरलेलं असतं, तीन तासांचा ड्राईव्ह, दर्शन, खालच्या कँटीनमधला दहीभात आणि परत. २०२४ मध्ये दसरा शनिवारी आला, १२ ऑक्टोबरला, आणि पोरगा म्हणाला आई, मग रविवारी १३ तारीख आहे, आपण राहूया ना, जुन्या बेसबॉल स्टेडियमच्या भिंतीपाशी जाऊया. तो तेरा वर्षांचा आहे, शाळेत बेसबॉल खेळतो, कॅचर आहे, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा, आणि जुन्या प्लेअर्सबद्दल त्याला जेवढं माहीत आहे तेवढं मला सचिन-द्रविडबद्दलही नाही. कुठली भिंत, १३ तारखेला काय, हे सगळं त्याने मला गाडीत सांगितलं आणि मी हॉटेल बुक केलं.

फोर्ट पिट बोगद्यातून बाहेर पडलं की अचानक समोर पूल, तीन नद्या आणि सगळं शहर एकदम दिसतं. दरवेळी पाहते, दरवेळी तेवढंच भारी वाटतं. सकाळी पेन हिल्सच्या टेकडीवर दर्शन झालं. सासूबाईंनी भारतातून पाठवलेली आपट्याची वाळलेली पानं मी वहीत जपून आणली होती, ती पार्किंगमध्येच एकमेकांना दिली, सोनं घ्या सोन्यासारखं राहा म्हणत. पोराने त्याचं पान पाकिटात ठेवलं.

दुपारी लॉरेन्सव्हिल, पिट्सबर्गचाच एक भाग. तिथे एका जुन्या फायर स्टेशनच्या इमारतीत रॉबर्टो क्लेमेंटे म्युझियम आहे, आधी वेळ घेऊन जावं लागतं आणि गाईड आपल्याला फिरवतो. बॅटी, ग्लोव्हज, भिंतभर फोटो. क्लेमेंटे पोर्टो रिकोतल्या कॅरोलिना गावचा, जन्म १९३४ चा. १९५५ मध्ये पायरेट्सकडून, म्हणजे पिट्सबर्गच्या बेसबॉल टीमकडून, खेळायला लागला आणि शेवटपर्यंत, अठरा सीझन, याच एका टीमकडून खेळला. चार वेळा लीगमध्ये सगळ्यात जास्त बॅटिंग ॲव्हरेज, राइट फील्डमधल्या फिल्डिंगसाठी बारा वेळा गोल्ड ग्लोव्ह बक्षीस, १९६६ चा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. सुरुवातीला पेपरवाले त्याचं बोलणं त्याच्या उच्चारांसकट, चुकांसकट छापायचे, आणि बेसबॉल कार्डांवर त्याचं नाव 'बॉब' करून टाकलेलं, त्याने स्वतः कधी सांगितलं नव्हतं तरी. माझ्या ऑफिसातही माझ्या नावाचं असंच दोन अक्षरांत काहीतरी झालंय, त्यामुळे ती कार्डं मी जरा जास्तच वेळ बघत उभी राहिले.

१९७१ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनच्या शेवटची फायनल, सातांतल्या चार मॅच आधी जिंकेल त्याची, पायरेट्सनी जिंकली. क्लेमेंटेने सातही मॅचमध्ये हिट मारले, हिट म्हणजे बॉल मारून सुखरूप बेसवर पोचणं, ॲव्हरेज .४१४, म्हणजे बॅटिंगच्या हजार संधींमागे ४१४ हिट या वेगाने, सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू तोच. मॅच संपल्यावर टीव्हीचा माइक समोर आला तेव्हा त्याने आधी स्पॅनिशमध्ये घरी आई-वडिलांना उद्देशून बोलून त्यांचा आशीर्वाद मागितला, मग इंग्लिश. सगळी अमेरिका बघत असताना. हे ऐकून मला भरून आलं, नवऱ्याने हात धरला तेव्हा कळलं की डोळ्यांत पाणी आलंय.

पुढच्या वर्षी, ३० सप्टेंबर १९७२ ला, त्याने न्यूयॉर्क मेट्स टीमच्या जॉन मॅटलॅकच्या बॉलवर डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा हिट, मारला, तो त्याचा ३००० वा हिट. नियमित सीझनमधला तोच शेवटचा ठरला. त्या डिसेंबरात निकाराग्वात मानाग्वाला भयंकर भूकंप झाला, क्लेमेंटे मदतीचं सामान पाठवायला लागला, पण ते सामान तिथल्या सत्ताधाऱ्यांचे सैनिक मधेच लंपास करतात असं कानावर आलं म्हणून स्वतः बरोबर गेलो तर लोकांपर्यंत पोचेल असं म्हणत ३१ डिसेंबरच्या रात्री तो विमानात बसला. जुनं विमान, त्यात नको तेवढं वजन. सान हुआनहून उडाल्यावर थोड्याच वेळात समुद्रात कोसळलं. वय ३८. देह सापडलाच नाही. त्याचा मित्र आणि टीमचा कॅचर मॅनी सांगियेन श्रद्धांजलीच्या प्रार्थनेला गेला नाही, पाणबुड्यांबरोबर समुद्रात शोधत राहिला. बेसबॉलमधल्या थोरांच्या हॉल ऑफ फेमसाठी रिटायर झाल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं, क्लेमेंटेसाठी तो नियम बाजूला ठेवला आणि १९७३ मध्येच त्याला घेतलं.

म्युझियममधून निघालो आणि तिथून जवळच ॲलेगेनी सिमेट्री आहे. पोराची खरी इच्छा ती होती. कॅचर ना तो, त्याचा देव जुन्या काळातला कॅचर जॉश गिब्सन, आणि त्याची कबर तिथे आहे. पण आम्हाला उशीर झाला होता, दफनभूमी केवढी मोठी, चढउतार, हजारो दगड, ऑक्टोबरच्या पानगळीत सगळं झाकलेलं. अर्धा तास फिरलो, सापडलं नाही, गेट बंद व्हायची वेळ झाली. पोराचं तोंड एवढंसं. उद्या येऊ म्हटलं.

संध्याकाळी नदीकाठी फिरलो. पीएनसी पार्क स्टेडियमचा सीझन संपलेला, पण बाहेरचे पुतळे बघता येतात. एका बाजूला हॉनस वॅग्नर, जर्मन कोळसा कामगाराचा मुलगा, स्वतःही लहानपणी खाणीत राबलेला, आठ वेळा बॅटिंगमध्ये पहिला, १९३६ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी निवडलेल्या पहिल्या पाच जणांत बेब रूथच्या बरोबरीने. दुसरीकडे विली स्टार्जेल, टीमचा कॅप्टन, सगळे त्याला पॉप्स म्हणायचे. कोणी चांगलं खेळलं की तो त्याला टोपीवर लावायला सोनेरी चांदणी द्यायचा आणि हे मोठेमोठे खेळाडू शाळेतल्या पोरांसारखे त्या चांदणीसाठी जीव टाकायचे. नवरा म्हणाला म्हणजे हा वर्षभर सोनं वाटायचा. स्टार्जेलचा पुतळा ७ एप्रिल २००१ ला उघडला, तो आजारी होता, येऊ शकला नाही, आणि ९ तारखेला, या नव्या स्टेडियममधल्या सीझनच्या पहिल्या मॅचच्या दिवशी, गेला. क्लेमेंटेचा पुतळा त्याच्या नावाच्या पिवळ्या पुलाच्या टोकाला आहे, त्याच्या पायाशी तीन ठिकाणची माती ठेवलीय, पोर्टो रिकोतल्या एका मैदानाची आणि पिट्सबर्गच्या दोन जुन्या, आता नसलेल्या स्टेडियमची. स्टेडियमच्या राइट फील्डची भिंतसुद्धा २१ फूट उंच आहे, त्याचा नंबर २१ म्हणून.

रविवारी ओकलंड, हाही पिट्सबर्गचाच भाग. फोर्ब्स फील्ड हे १९०९ चं स्टेडियम, १९७० मध्ये बंद झालं, पाडलं, तिथे युनिव्हर्सिटीच्या इमारती आल्या. होम प्लेट, जिथे बॅटर उभा राहतो ती, एका इमारतीत जमिनीत काचेखाली आहे आणि बाहेर मैदानाच्या टोकाची विटांची भिंत थोडीशी उभी आहे, वेल चढलेली, अंतराचे आकडे अजून वाचता येतात. याच मैदानात २५ मे १९३५ ला उतरणीला लागलेल्या बेब रूथने बॉस्टन ब्रेव्ह्जकडून एका दिवसात तीन होम रन, म्हणजे आपल्या सिक्सरसारखे, मारले, शेवटचा थेट राइट फील्डच्या छपरावरून बाहेर. तो ७१४ वा, आयुष्यातला शेवटचा. आठच दिवसांनी तो रिटायर झाला.

पण १३ ऑक्टोबरला लोक जमतात ते बिल मॅझेरॉस्कीसाठी. १९६० ची वर्ल्ड सिरीज, समोर न्यूयॉर्कची यांकीज टीम, सहा मॅचमध्ये त्यांचे रन ४६ आणि पायरेट्सचे १७, तरी सिरीज ३-३. दरवर्षी या दिवशी सातव्या मॅचची जुनी रेडिओ कॉमेंट्री पहिल्या बॉलपासून लावतात, आणि लोक घडीच्या खुर्च्या, थर्मास, सँडविच घेऊन येऊन बसतात, सगळ्यांना निकाल माहीत आहे आणि सगळे श्वास रोखून ऐकतायत. शेजारी एक आजोबा होते, फिकी पडलेली पायरेट्सची टोपी, म्हणाले मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो, शाळेतून पळत घरी आलो आणि किचनमधल्या रेडिओसमोर उभा राहिलो. त्यांनी पोराला स्वतःची खुर्ची दिली आणि आपण भिंतीला टेकून उभे राहिले. या मॅचमध्ये दोन्ही बाजूंचा एकही बॅटर स्ट्राइक आउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाला नाही, वर्ल्ड सिरीजमध्ये असं दुसऱ्या कुठल्याच मॅचमध्ये झालेलं नाही, हे पोराने सांगितलं तर आजोबा एकदम खूश.

आठव्या इनिंगमध्ये हॅल स्मिथचा होम रन, पायरेट्स ९-७. मी उड्या मारायला लागले तर पोरगा म्हणतो आई थांब, अजून आहे. शेवटच्या, नवव्यात यांकीजनी ९-९ केलं. सगळं शांत. मग मॅझेरॉस्की, जो फिल्डिंगसाठी ओळखला जायचा, बॅटिंगसाठी नाही, त्याने यांकीजच्या राल्फ टेरीचा दुसराच बॉल लेफ्ट फील्डच्या भिंतीबाहेर घातला. १०-९. घड्याळात ३ वाजून ३६ मिनिटं. रेकॉर्डिंग बरोबर त्या वेळेवर आणलेलं होतं, आणि लोक असे ओरडले, एकमेकांना मिठ्या मारल्या, जणू आत्ताच जिंकलो. मीही एका अनोळखी बाईला मिठी मारली. आजोबा डोळे पुसत होते.

तिथून थेट परत सिमेट्रीत. यावेळी पोराने नीट नकाशा पाहून ठेवला होता.

जॉश गिब्सन १९११ चा, जॉर्जियाचा, वडिलांना पिट्सबर्गच्या स्टील मिलमध्ये काम मिळालं म्हणून इकडे आला. तेव्हा मोठ्या लीगमध्ये काळ्या खेळाडूंना बंदी होती, त्यामुळे तो मुख्यतः काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या निग्रो लीगमध्ये, होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सकडून खेळला. ग्रेज तर फोर्ब्स फील्डवर, म्हणजे दुपारी आम्ही जिथे बसलो होतो तिथेच खेळायचे, पायरेट्स गावाबाहेर असताना. त्यावेळी मला पळवणकर बाळू आठवले, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट काढणारे, पण जातीमुळे पुण्यात चहा मंडपाबाहेर वेगळ्या कपात मिळायचा आणि हिंदूंच्या टीमची कॅप्टनशिप कधीच दिली नाही. पोराला बाळूंबद्दल काहीच माहीत नव्हतं, ते मी सांगितलं, चालता चालता, आणि आपण हे त्याला इतक्या उशिरा सांगतोय याचं मला फार वाईट वाटलं.

गिब्सनला १९४३ मध्ये मेंदूत ट्यूमर निघाला, ऑपरेशन नको म्हणाला, तसाच खेळला. त्याच वर्षी त्याचं ॲव्हरेज .४६६. २० जानेवारी १९४७ ला गेला, ३५ वर्षांचा. ती बंदी मोडून जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू मोठ्या लीगमध्ये उतरला १५ एप्रिल १९४७ ला. तीन महिन्यांनी. मे २०२४ मध्ये निग्रो लीगचे आकडे शेवटी अधिकृत रेकॉर्डमध्ये धरले गेले आणि कारकिर्दीच्या ॲव्हरेजमध्ये टाय कॉब, .३६७, दुसरा झाला आणि गिब्सन, .३७२, पहिला. पोरगा त्या दिवशी शाळेतून धावत घरी आला होता मला हे सांगायला. गावोगाव फिरून खेळलेल्या शेकडो मॅच त्यात अजूनही नाहीत, त्या कुठल्याच वहीत नीट लिहिलेल्या नाहीत.

दगड सापडला. गवतात आडवा, छोटा, पाय पडेल इतका जमिनीलगत. नाव, १९११–१९४७, आणि खाली दोन-तीन शब्द, दंतकथा झालेला बेसबॉल खेळाडू अशा अर्थाचे. हाही १९७५ मध्ये बसवला, त्याआधी २८ वर्षं इथे काहीच नव्हतं. १९७२ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हाही नाही.

कोणीतरी ठेवलेले दोन बेसबॉल होते, पावसाने भिजून फुगलेले. पोराने हाताने पानं बाजूला केली, अक्षरांतली माती नखाने काढली, बराच वेळ काढत होता, आम्ही दोघं काही बोललो नाही. मग त्याने पाकिटातून आपट्याचं पान काढलं, बॉलखाली दाबून ठेवलं म्हणजे उडणार नाही, आणि मराठीत म्हणाला, सोनं घ्या.