काकांच्या फोनमधले प्रश्न

फेब्रुवारी संपत आला होता. कणकवलीला उतरून एसटीने देवगडच्या अलीकडच्या एका वाडीत पोचलो, तेव्हा काका खळ्यात रिकाम्या पेट्या मोजत होते. मी बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, ‘‘वरीस झाला साइट करून. माझो आंबो गुगलार दिसणा कसो नाय?’’

लहान व्यावसायिकांच्या वेबसाइट तपासणं हे माझं काम. अशा वेळी मी पहिल्यांदा एकच गोष्ट करतो. गुगलच्या चौकटीत ‘साइट’ हा शब्द, अपूर्णविराम आणि लगेच वेबसाइटचा पत्ता टाकतो. गुगलकडे त्या साइटची कोणती पानं आहेत ते त्यावरून बरंचसं कळतं. काकांच्या साइटचं एकही पान आलं नाही. शोधात खूप खाली असणं वेगळं आणि मुळात नसणंच वेगळं. दोन्हींवरचा इलाज वेगळा असतो.

मग पानाचा सोर्स कोड, म्हणजे पडद्यामागचा मजकूर, उघडला. वरच्याच ओळींमध्ये ‘नोइंडेक्स’ होतं. हे पान तुमच्या यादीत घेऊ नका, अशी सर्च इंजिनांना दिलेली ती सूचना असते. काकांची साइट ज्यात बनवली होती त्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक चौकट आहे. साइट अर्धवट असताना ती टिक करून ठेवतात आणि काम संपलं की काढतात. इथे काढायची राहून गेली होती. अख्खा हंगाम त्या एका टिकमुळे गेला होता.

हे सांगताना मला जड गेलं. काका काही बोलले नाहीत. काकूंनी आणलेलं कोकम सरबत तसंच राहिलं. थोड्या वेळाने ते उठून आत गेले आणि एक पावती घेऊन आले. ‘पहिल्या नंबरची हमी’ देऊन कुणीतरी त्यांच्याकडून पैसे घेतले होते. त्या पैशांत काय केलं म्हणून पाहिलं, तर कीवर्ड टॅगमध्ये, म्हणजे कोडमधल्या शोधशब्दांच्या जागेत, पन्नासेक शब्द कोंबलेले होते. क्रमवारीसाठी हा टॅग आपण वापरत नाही, असं गुगलने 2009 मध्येच जाहीर केलंय. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हेही गुगलच्या मार्गदर्शनात स्वच्छ लिहिलेलं आहे. कष्टाचा पैसा असा गेलेला पाहिला की माझा संताप होतो. त्या दिवशीही झाला.

टिक काढली. पण नुसतं दार उघडून भागणार नव्हतं, आत वाचण्यासारखं काहीच नव्हतं. मुख्य पानाचं शीर्षक ‘होम’. दर, पेट्यांची माहिती, फोन नंबर, सगळं एका रंगीत पोस्टरमध्ये, म्हणजे चित्रात. चित्रातला मजकूर सर्च इंजिन नीट वाचेलच असं धरून चालता येत नाही. एकेक फोटो सहा-सात एमबीचा, त्यामुळे खळ्यातल्या तुटपुंज्या रेंजमध्ये पान उघडता उघडत नव्हतं. आणि जो थोडा मजकूर होता, त्यात ‘प्रीमियम’ आणि ‘लक्झरी’ याखेरीज काही नाही. देवगड हा शब्दसुद्धा एकदाच, तोही तळाला.

मी विचारलं, ‘‘काका, गिऱ्हाईक तुम्हाला फोनवर काय विचारतं?’’

त्यांनी व्हॉट्सॲप उघडून फोन माझ्या हातात दिला. दिवसभरातलं सगळ्यात मोलाचं मला तिथे सापडलं. ‘पाच डझनी आणि सहा डझनी पेटीत फरक काय?’ ‘कार्बाइडने पिकवलेला नाही ना?’ ‘पुण्यात किती दिवसांत पोचेल?’ ‘साका निघाला तर?’ लोक गुगलमध्ये टाकतात ते हेच शब्द, आणि साइटवर यातला एकही नव्हता.

मी एकेक प्रश्न वाचत गेलो, काका उत्तरं देत गेले, मी टाइप करत गेलो. पेटी तीच, फळ लहान तसे डझन जास्त. आंबा भाताच्या पेंढ्यात अढी लावून पिकवतो. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे. साका म्हणजे आतला गर खराब असणं; तो बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो, म्हणून तसा निघाला तर फोटो पाठवा, बदली फळ देतो. हापूसच्या भौगोलिक मानांकनाचं 2018 सालही त्यांनी न अडखळता सांगितलं. मी त्यांची वाक्यं फारशी बदलली नाहीत.

बाकीचं भराभर उरकलं. शीर्षकात ‘देवगड हापूस, थेट बागेतून’ आलं, फोटो हलके केले, प्रत्येक फोटोत काय दिसतंय ते त्याच्या पर्यायी मजकुरात (ऑल्ट टेक्स्ट) लिहिलं. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलवर, म्हणजे शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या व्यवसायाच्या नोंदीत, काकांच्या मुलाचा बंद पडलेला नंबर होता, तो बदलला. लोक काय शोधून साइटवर येतात ते दाखवणाऱ्या गुगलच्या सर्च कन्सोल या साधनात साइटची मालकी सिद्ध करून पानं तपासायची विनंती टाकली. निघताना काकांना सांगितलं, काही दिवस लागतील, कदाचित आठवडेही.

पाचव्या दिवशी पहिलं पान यादीत आलं. नुसतं ‘हापूस आंबा’ शोधलं तर काका अजूनही खूप मागे आहेत, तिथे मोठे विक्रेते आहेत आणि ते मी त्यांना आधीच सांगितलं होतं. पण एप्रिलमध्ये सर्च कन्सोलची यादी फोनवरून वाचून दाखवत होतो, तेव्हा ‘सहा डझन पेटी म्हणजे किती मोठा आंबा’ या शोधातून माणसं आलेली दिसली. काकांनी मला थांबवून ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, ‘‘आता लिही, पेटी पोचली की लगेच उघडून आंबे पेंढ्यार पसरून ठेवा. ह्या कोण सांगणा नाय.’’