लिस्बनच्या चौकातला तो कोपरा

लिस्बनला पाच दिवस होते. सिंत्राचे महाल पाहिले, मासे मनसोक्त खाल्ले, शहराच्या चढणींनी गुडघे बोलायला लागले. ते राहू दे. मला लिहायचंय ते तेरैरो दो पासो या चौकातल्या एका कोपऱ्याबद्दल.

पैसे भरून मी पायी शहर दाखवणाऱ्या एका गटात गेले होते. तेजो नदीकाठचा हा प्रचंड चौक, तिन्ही बाजूंना पिवळ्या कमानी. वाटाड्या एका कोपऱ्यावर थांबला. "१९०८ साली इथे राजाला गोळ्या घातल्या, दोन वर्षांनी राजेशाही गेली," एवढं बोलून तो आम्हाला घेऊन मिठाईच्या दुकानाकडे निघाला. मला फार राग आला. मी फोंड्याची. आमच्या घरात 'रिपब्लिक आली', म्हणजे पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, हे शब्द मी आजीच्या तोंडून ऐकत वाढले. तिच्या वडिलांच्या लहानपणी गोव्यात हिंदूंना सरकारी नोकरीत जवळजवळ जागाच नव्हती. १९१० नंतर कायद्याने सगळे सारखे झाले, मराठी शाळा, वाचनालयं, वर्तमानपत्रं यांना बहर आला. ज्या क्रांतीने आमच्या घरात शिक्षण आणलं, तिची दोन वाक्यांत बोळवण?

गट सोडून मी तिथेच बसले. राजेशाही काही दोन वर्षांत पडली नव्हती. १८९० च्या जानेवारीत ब्रिटनने पोर्तुगालला निर्वाणीचा इशारा दिला : आफ्रिकेतल्या तुमच्या अंगोला आणि मोझांबिक या वसाहतींच्या मधल्या मुलखातून सैन्य मागे घ्या. पुढे ज्याला इथे गोळ्या घातल्या तो राजा कार्लुश गादीवर येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. सरकारने मान तुकवली आणि लोकांना तो देशाचा अपमान वाटला. आजचं पोर्तुगीज राष्ट्रगीत त्याच संतापातून जन्मलं. पुढच्याच वर्षी पोर्तो शहरात प्रजासत्ताकवाद्यांनी उठाव केला, तो चिरडला गेला. १८९२ मध्ये सरकारचं दिवाळं निघालं. दोन पक्ष आळीपाळीने सत्ता वाटून घेत. त्यात राजघराण्याने तिजोरीतून गुपचूप उचल घेतल्याचं बाहेर आलं. १९०७ मध्ये पंतप्रधान झुआंव फ्रांकूने संसद बाजूला सारून हुकूमशाही चालवली, आणि राजाने त्याला पाठीशी घातलं. माझ्या मते राजाने गादी तिथेच गमावली.

दुसऱ्या दिवशी पंधरा नंबरच्या ट्रामने शहराच्या बेलें भागात गेले. ट्राममध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. बग्ग्यांच्या संग्रहालयात सोन्याने मढलेल्या गाड्यांपुढे गर्दी होती. ती काळसर, साधी गाडी मात्र एकटीच उभी होती. १ फेब्रुवारी १९०८ ला राजकुटुंब विला विसोझाहून परतलं, नदी ओलांडून चौकात उतरलं आणि या उघड्या गाडीत बसलं. मी वाकून दाराजवळ गेले. लाकडात गोळ्यांची भोकं आहेत, करंगळीच्या टोकाएवढी, कडा आत दबलेल्या. राजा आणि वीस वर्षांचा युवराज लुईश फिलिपे दोघेही गेले. राणी अमेलीच्या हातात स्वागताला मिळालेली फुलं होती, त्याच गुच्छाने ती मारेकऱ्याला झोडत राहिली. धाकटा मानुएल हाताला जखम होऊन वाचला आणि अठराव्या वर्षी राजा झाला.

मी त्या क्रांतीला नमस्कार करायला आले होते, आणि त्या भोकांपुढे माझ्या डोळ्यांसमोर फक्त ती आई येत होती. घशाशी आवंढा आला. रिपब्लिकबद्दलचं माझं मत बदललं नाही, पण तिथे आनंदही होईना.

संध्याकाळी पालिकेच्या इमारतीपुढे गेले. ५ ऑक्टोबर १९१० ला याच सज्जातून प्रजासत्ताकाची घोषणा झाली. त्याच दिवशी मानुएल एरिसेराच्या किनाऱ्यावरून बोटीत बसून कायमचा निघून गेला. आत्याला फोन लावून तो सज्जा दाखवला. ती कितीतरी वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "अगो, त्या राणीचं पुढे काय झालं?"