निजामकालीन कागदांवरचा प्रबंध: फसली, हाली आणि सर्व्हे नंबर

माझ्या प्रबंधाचा विषय ऐकायला सोपा होता. मराठवाड्यातल्या एका तालुक्यातली निवडक गावं घ्यायची आणि १९१० ते १९६० या काळात तिथे विहीर-बागायत किती होती, कुणाकडे होती, शेतसारा किती पडत होता, हे पाहायचं. कागद मिळतील का, एवढीच धास्ती होती. कागद मिळाले. वर्ष खाल्लं ते वेगळ्याच कामानं: कागदावरचा आकडा कोणत्या सालचा, कोणत्या नाण्यातला आणि कोणत्या हद्दीतला, हे ठरवण्यानं. '१३२५, ३-२०, १४' हे अक्षर न् अक्षर वाचता आलं तरी त्या तिन्ही आकड्यांचा अर्थ लावल्याशिवाय तक्त्यात घालण्याजोगं काही हाती येत नाही. हा क्रम मला उशिरा कळला. आता कुणी विचारलं तर मी सांगतो, रजिस्टर उघडायच्या आधी रूपांतराचे कोष्टक तयार ठेवा.

आधी कागद कुठे असतात ते. निजामाच्या हैदराबाद संस्थानच्या मध्यवर्ती खात्यांचे दप्तर हैदराबादला, तारनाक्याच्या राज्य पुराभिलेखागारात. महाराष्ट्र पुराभिलेख संचालनालयाची शाखा छत्रपती संभाजीनगरला आहे. गावपातळीचा माल मात्र तहसीलच्या अभिलेख कक्षात आणि भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात. अर्जात 'निजामकालीन नोंदी पाहायच्या आहेत' एवढंच लिहिलं की अर्ज फिरत राहतो, कारण कपाट उघडणाऱ्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. गाव, तालुका, कागदाचा प्रकार (पाहणी पत्रक, सेतवार, खासरा पत्रक अशा जमीन-महसुलाच्या नोंदी) आणि फसली साल, म्हणजे संस्थानचं महसुली वर्ष, असं चार रकान्यांत लिहावं. सोबत मार्गदर्शकांचं पत्र, नोंदणीपत्राची प्रत, ओळखपत्र. विभागाच्या पत्रावर जावक क्रमांक हवाच. तो नाही म्हणून एका कार्यालयात माझी फेरी फुकट गेली. आधी 'अवलोकन' मागावं, 'नक्कल' नंतर. नकलेला नेमका सर्व्हे नंबर लागतो आणि तो अजून आपल्यालाच ठाऊक नसतो. माहितीचा अधिकार शेवटी ठेवावा. १० रुपये शुल्क, पानाला २ रुपये आणि ३० दिवस हा हिशेब ठीक आहे, पण त्यातून झेरॉक्स मिळते, गठ्ठा चाळायला मिळेलच असं नाही. आणि शोध तर गठ्ठ्यातच लागतो.

कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून या कागदांचे स्कॅन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवरही आले. फुकट माल म्हणून संशोधक त्यावर तुटून पडतात. पण ही पानं विशिष्ट नोंद सापडली म्हणून निवडलेली आहेत. त्यांवरून गावातल्या कुळांचं किंवा बागायतीचं प्रमाण काढलं तर ते चुकणारच. एखादी नोंद तपासायला ती उपयोगी आहेत, टक्केवारी काढायला नाहीत. माझ्या आकडेमोडीत अखंड रजिस्टरंच घेतली. मधली पानं गहाळ असतील तर तो फसली पूर्ण वगळला.

फोटोबद्दल थोडक्यात. ए-४ आकाराचं पान ३०० डीपीआयला जवळपास पावणेनऊ मेगापिक्सेल मागतं, म्हणजे १२ मेगापिक्सेलचा मोबाइल पुरतो. पण पाहणी पत्रकाचं उघडलेलं रजिस्टर ए-२ च्या आसपास भरतं आणि त्याला ३५ मेगापिक्सेल लागतात. म्हणून एका पानाचे दोन-दोन फोटो, मध्ये दोन बोटं सामाईक भाग ठेवून. फ्लॅश बंद, खिडकीकडून तिरका उजेड; पुसट शाई तिरक्या उजेडात उठते. वाचनकक्षात पेन्सिलच न्यावी, शाईचं पेन नाही. फाइलला नाव त्याच संध्याकाळी द्यावं: गाव, फसली, रजिस्टर, पान. आठ दिवसांनी सगळी पानं एकसारखी दिसतात.

आता साल. दख्खनी फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो, हे सगळे सांगतात. कधी कोणता, ते कुणी सांगत नाही. पूर्वी फसली मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलायचा. पुढे संस्थानचा सरकारी फसली १ आजूरला, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बदलू लागला. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखांना ५९०, जानेवारीपासून पुढे ५९१. १३२५ फसली म्हणजे ऑक्टोबर १९१५ ते ऑक्टोबर १९१६. महिने क्रमानं असे: आजूर, दै, बहमन, इसफंदार, फरवर्दी, उर्दीबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. बहमन डिसेंबरात सुरू होऊन जानेवारीपर्यंत पोचतो, तेव्हा त्याची तारीख पाहूनच बेरीज करावी. पडताळ्यासाठी एक खूण पाठ ठेवली होती: जहागिरी खालसा करण्याचा हुकूम १३५८ फसलीचा आणि तो निघाला ऑगस्ट १९४९ मध्ये. १३५८ अधिक ५९१. जुळलं.

यात एक खोच आहे आणि शेतीवर काम करणारा हमखास तिथे अडकतो. वर्ष ऑक्टोबरात बदलत असल्यानं कापूस एका फसलीत पेरला जातो आणि पुढच्या फसलीत वेचला जातो. १३२५ च्या रब्बी ज्वारीला ज्या पावसाची ओल मिळाली तो जून ते सप्टेंबर १९१५ चा पाऊस, म्हणजे फसलीच्या हिशेबानं १३२४ मधला. पाऊस आणि पीक एकाच फसलीच्या ओळीत मांडले तर संबंध दिसतच नाही. माझ्या पहिल्या आलेखात तो दिसत नव्हता, आणि मी कारणं जमिनीच्या पोतात शोधत बसलो होतो.

मोडीतल्या जुन्या कागदांवर शुहूर सनही (मराठेशाहीतली कालगणना) येतो, तोही आकड्यात नाही, अरबी शब्दांत. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे ३, ७०, १०० आणि १०००: ११७३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, की १७७२-७३. एककांचे शब्द (इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा) एका कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवावेत. हिजरी सन तर चांद्र. त्याचं वर्ष सौर वर्षाहून अकराएक दिवसांनी लहान. त्याला ठरावीक आकडा मिळवून चालत नाही, कोष्टकच लागतं.

नाण्याचं प्रकरण याहून घातक, कारण चूक झाली तरी आकडा खराच वाटतो. संस्थानात निजामाचा स्वतःचा हाली सिक्का चाले आणि शेजारच्या इंग्रजी मुलखात कलदार, म्हणजे इंग्रज सरकारचा रुपया. सरकारी दर असा की १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सोप्या हिशेबात ७ हाली म्हणजे ६ कलदार. वरच्या नोंदीतला १४ रुपये सारा हाली असेल तर तो १२ कलदार. हे न करता नगर किंवा सोलापूरच्या आकड्यांशी तुलना केली तर मराठवाड्यातला सारा फुकटचा एक षष्ठांशानं जास्त दिसतो, आणि त्यावर निजामाच्या जुलमाचं एक प्रकरण सहज लिहून होतं. इंग्रजी अहवालांत 'ओ.एस.' म्हणजे उस्मानिया सिक्का, तर 'बी.जी.' किंवा 'आय.जी.' म्हणजे कलदार. उर्दू तक्त्यात काहीच लिहिलं नसेल तर हालीच धरावं. मात्र चारमिनार छापाचा रुपया येण्याआधी हा दर बाजारात वरखाली होई; त्या काळासाठी ७:६ वापरू नये.

क्षेत्र एकर-गुंठ्यांत. '३-२०' म्हणजे ३ एकर २० गुंठे, साडेतीन एकर, आजच्या हिशेबात १ हेक्टर ४२ आरच्या जवळ. तो ३.२० म्हणून भरला की प्रत्येक ओळीत थोडी जमीन नाहीशी होते. एक्सेलमध्ये '३-१२' टाकलं की त्याची तारीख होते, म्हणून रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवावा. नाहीतर एकर आणि गुंठे दोन वेगळ्या रकान्यांत भरून तिसऱ्यात 'एकर अधिक गुंठे भागिले ४०'. याचा एक फायदा म्हणजे चुका आपोआप पकडल्या जातात. गुंठे ३९ च्या वर, आणे १५ च्या वर, पै ११ च्या वर असतील तर वाचनच चुकलेलं आहे. एकूण क्षेत्र आणि पोटखराबा (लागवडीला अयोग्य भाग) वजा जाता क्षेत्र हे दोन वेगळे रकाने असतात, सारा दुसऱ्यावर. आणि 'आणेवारी' हा शब्द दिसला की थांबावं: कुठे तो पिकाच्या उताऱ्याचा असतो, कुठे भाऊबंदांतल्या हिश्श्याचा.

वाचण्यात मोडीनं जेवढं छळलं त्याहून जास्त उर्दूनं. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, पण पाटील-पटवाऱ्याच्या कागदाचा मजकूर ठरलेला. दोन महिन्यांत डोळा बसतो. पाव, अर्धा, पाऊण यांच्या उभ्या रेघा (।, ॥, ॥।) आणि आण्यांच्या आडव्या रेघा तेवढ्या वेगळ्या शिकाव्या लागतात. उर्दू शिकस्त्यात, म्हणजे घाईच्या मोडक्या लिखाणात, कारकून नुक्ते (अक्षरांचे ठिपके) देतच नाही, आणि बे, पे, ते यांच्यातला फरक म्हणजे फक्त नुक्ते. त्यामुळे गावाचं नाव बोरी, पोरी, तोरी काहीही होतं. उपाय एकच: तालुक्याची गावांची यादी समोर ठेवून वाचणं. बुद्रुक तिथे 'बुजुर्ग' किंवा 'कलां' असतो. पैशाच्या रकमा बऱ्याचदा सियाकात, म्हणजे अरबी संख्याशब्दांच्या आखूड केलेल्या चिन्हांत. त्यासाठी जुना जाणकार गाठावा, मोबाइलवरच्या भाषांतराच्या ॲपला ते झेपत नाही. पण पानाच्या तळाशी 'मीजान', म्हणजे बेरीज असते. रकाना वाचून बेरीज करायची आणि मीजानशी ताडायची. फरक ज्या रकमेचा, तेवढ्याच रकमेचं चिन्ह बहुधा चुकलेलं असतं. शिवाय गावचा कागद मोडीत आणि तालुक्याला गेलेला तक्ता उर्दूत असा जोड मिळाला तर एकानं दुसऱ्याचा पडताळा होतो. खुश्की (कोरडवाहू), तरी, बागायत ही विभागणी तेव्हाची; तरी म्हणजे तळ्याखालची ओलिताची जमीन, ती विहीर-बागायतीत मोजू नये.

हद्दींचा गुंता सगळ्यात शेवटी लक्षात येतो. संस्थानच्या खानेसुमारीतले जिल्हे औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद. अहमदपूर, उदगीर, निलंगा तेव्हा बिदरमध्ये, किनवट आदिलाबादमध्ये. १९५६ च्या पुनर्रचनेत ते इकडे आले. जालना १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. म्हणून 'उस्मानाबाद १९३१' आणि 'धाराशिव २०११' यांची तुलना जिल्ह्यांवर करताच येत नाही. गाव हेच एकक धरून आजच्या हद्दीत बेरीज करावी लागते. नावंही बदललेली: कागदावर मोमिनाबाद असेल तर ते अंबाजोगाई. बरं, गाव तरी जागेवर आहे का? पैठणला नाथसागराखाली गेलेली गावं नकाशात नव्या ठिकाणी आहेत. किल्लारी परिसरातली १९९३ च्या भूकंपानंतर सरकलेली गावं तशीच. आजच्या गावठाणाचे अक्षांश-रेखांश घेऊन जुनी विहीर शोधायला गेलात तर हाती फक्त पायपीट. सर्व्हे नंबरचंही तेच. जमिनींच्या एकत्रीकरणानंतर गट नंबर आले, तेव्हा जुना सर्व्हे आणि नवा गट दाखवणारं पत्रक भूमी अभिलेखकडून आधी मिळवावं. सातबाऱ्यावरून उलटं जाता येत नाही.

तक्त्याला प्रत्येक मोजमापाचे तीन रकाने ठेवले: जसं लिहिलं आहे तसं, रूपांतरित, आणि वाचनाची खात्री (पक्की, अंदाजे, शंका). मूळ रकान्याला पुन्हा हात लावायचा नाही, चूक सापडली तरी शेरा वेगळा. दहातलं एक पान दुसऱ्याकडून नव्यानं भरून घेतलं आणि दोन्ही ताडून पाहिले. हे दुसरं भरणारा माणूस विषयाबाहेरचा असावा. विषय जाणणारा 'असायला हवं' ते वाचतो. खातेदारांची नावं प्रबंधात दिली नाहीत, सांकेतिक क्रमांक दिले. जातीचा रकाना वाद ओढवून घेतो आणि या प्रश्नाला त्याची गरजही नव्हती.

विद्यापीठाची बाजू नियमात बसते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. तिथे निष्कर्षांपेक्षा पाच रूपांतरित पानं दाखवली की सूचना कामाच्या मिळतात. साम्य तपासणीत १० टक्क्यांपर्यंत अडचण नाही. मूळ नोंदींचे उतारे प्रकरणात न घालता परिशिष्टात टाकले की प्रकरणं वाचायलाही सुटसुटीत होतात. रूपांतराची कोष्टकं पहिल्या परिशिष्टात, स्वतंत्र पानांवर. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथूनच आला: तक्ता क्रमांक चारमधले रुपये हाली की कलदार?