‘हां हां’ म्हणणारा माणूस

परवा ट्रेनिंगला नवीन बॅच होती, अकरा जण, बहुतेक पंचविशीच्या आतबाहेरचे, कुणी सुपरमार्केटमधली नोकरी सोडून आलेलं तर कुणी एअरपोर्ट सिक्युरिटीतून. मी इथे इंग्लंडमध्ये नर्स आहे, काही वर्षं एका इमिग्रेशन डिटेन्शन सेंटरच्या हेल्थकेअरमध्ये काढली आणि आता अधूनमधून तिथल्या नव्या ऑफिसर्सना शिकवायला जाते. आईला नाशिकला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे जेलच ना गं? तिला समजावताना माझं मलाच कळलं की हे सांगणं किती अवघड आहे. आतल्या माणसाला कोर्टानं शिक्षा म्हणून तिथे ठेवलेलं नसतं, कुणाचा व्हिसा संपलेला, कुणाचा आश्रयाचा अर्ज फेटाळलेला, काहींची शिक्षा भोगून झालेली पण आता देशाबाहेर पाठवायचंय म्हणून बंद. आणि जेलमध्ये निदान सुटायची तारीख तरी माहीत असते, ब्रिटनमध्ये या डिटेन्शनला कायद्यात ठरलेली कमाल मुदतच नाहीये. आई बराच वेळ काही बोललीच नाही.

बॅचला मी पहिल्या तासाला नियम सांगत नाही, एक माणूस सांगते. खानदेशाकडचा होता, एवढंच सांगते, बाकी काही नाही. रात्री अकराच्या सुमारास व्हॅनमधून आणला, दिवसभराचा प्रवास, पोटात काही नाही. इथे आत आल्यापासून २४ तासांत मेडिकल तपासणी व्हायला हवी असा नियम आहे आणि त्याच्या आधी, त्याच रात्री, नर्स प्राथमिक प्रश्न विचारते. फॉर्मवर कुणीतरी भाषा ‘हिंदी’ लिहिलेली. टेबलावर फोन, स्पीकरवर हिंदी दुभाषी, घाईघाईत प्रश्न. तब्येत ठीक? हां. काही औषधं चालू? हां हां. स्वतःला इजा करावीशी वाटते? हां. छळ झालाय कधी? हां जी. नर्सनं पेन खाली ठेवलं, तिला वाटलं हा काहीतरी लपवतोय किंवा नाटक करतोय. मी शेजारच्या खोलीत औषधं लावत होते, बाहेर आले आणि सहज, अगदी सहज विचारलं, जेवलात का हो काही? त्यानं मान वर केली आणि जे बोलायला लागला ते थांबेचना. त्याला फिट येतात. गोळ्या बॅगेत होत्या आणि बॅग सामानाच्या खोलीत सील करून ठेवलेली, दोन दिवस एकही गोळी पोटात गेली नव्हती. हिंदी त्याला समजत नव्हती असं नाही, पण तो इतका घाबरलेला की प्रश्न कानात शिरतच नव्हते, युनिफॉर्मवाल्याला ‘नाही’ म्हणायचं नाही एवढंच त्याच्या डोक्यात.

हे मी अकरा जणांना सांगते आणि मग म्हणते, मराठी येणारी बाई त्या रात्री ड्युटीवर असणं ही काही व्यवस्था नव्हे.

व्यवस्था कागदावर आहे बरं का. डिटेन्शन सेंटर्सच्या २००१ च्या नियमांमध्ये नियम ३५ आहे, डॉक्टरला तीन बाबतीत रिपोर्ट द्यावाच लागतो, बंद ठेवल्यानं तब्येत बिघडेल असं वाटलं तर, आत्महत्येचा संशय असेल तर, आणि माणसाचा छळ झाला असावा असं वाटलं तर. पण रिपोर्टपर्यंत गोष्ट पोचते कशी? विंगवरच्या, म्हणजे माणसांच्या खोल्या असतात तिथल्या, ऑफिसरनं काहीतरी बघून हेल्थकेअरला कळवलं तर. डिटेन्शनमधल्या नाजूक अवस्थेतल्या माणसांबद्दल सरकारनं करून घेतलेला स्टीफन शॉ यांचा रिव्ह्यू २०१६ च्या जानेवारीत आला, त्याच वर्षी सप्टेंबरपासून ‘अॅडल्ट्स अॅट रिस्क’ पॉलिसी लागू झाली, म्हणजे बंद ठेवल्यानं ज्यांना जास्त धोका त्यांच्यासाठीची, तिच्यात तीन लेव्हल्स आहेत आणि त्या पुराव्यावर ठरतात. आता छळ झालेल्या माणसानं पहिल्याच आठवड्यात पुरावा कुठून आणायचा? तो कुणापाशी तरी बोलेल तेव्हा ना.

आणि पॉलिसी असूनही काय होतं ते ब्रूक हाऊसमध्ये दिसलंच. गॅटविकजवळचं सेंटर, २०१७ मध्ये तिथल्याच एका तरुण ऑफिसरनं, कॅलम टली नाव त्याचं, छुप्या कॅमेऱ्यानं शूटिंग केलं आणि ते बीबीसीवर दाखवलं गेलं. स्वतःला इजा करू नये म्हणून ज्याच्यावर सतत नजर ठेवायची, त्याच माणसाचा गळा एका ऑफिसरनं दाबला. यावर सरकारनं नेमलेल्या केट ईव्हज यांच्या चौकशीचा अहवाल २०२३ च्या सप्टेंबरात आला, पाच महिन्यांच्या काळात १९ घटना अशा की तिथे माणुसकीला सोडून वागणूक झाली असू शकते याचा विश्वासार्ह पुरावा सापडला. ३३ शिफारशी होत्या, डिटेन्शन २८ दिवसांपेक्षा जास्त नको हीसुद्धा, ती सरकारनं मानली नाही. मला त्या अहवालातली जास्त टोचते ती गोष्ट म्हणजे आजूबाजूला उभे असलेले. सगळेच काही क्रूर नव्हते, कमी स्टाफ, लांबलचक शिफ्ट, सीनियर हसतो म्हणून आपणही हसायचं, आणि हळूहळू माणूस दिसेनासा होतो.

म्हणून मी किल्ल्यांचा प्रयोग करते. ऑफिसरच्या कमरेला साखळीला किल्ल्यांचा जुडगा असतो, चालताना खळखळ वाजतो. मी दिवे बंद करते, सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवते आणि मागून नुसती चालते. थांबते. परत चालते. शेवटी एका दारात किल्ली फिरवते आणि काहीच बोलत नाही. दोन मिनिटं पण नाही होत. परवा त्यातला एक दांडगा मुलगा, रग्बी खेळणारा, दिवे लावल्यावर म्हणाला की मान आखडली माझी. मी म्हटलं, ज्याला त्याच्या देशात रात्री दोन वाजता कोठडीतून बाहेर काढून मारलंय त्याला हा आवाज रोज ऐकायचाय. किल्ल्या पाउचमध्ये ठेवा, दार उघडायच्या आधी ठकठक करा, नाव घेऊन हाक मारा. नाव नीट म्हणता येत नसेल तर त्यालाच विचारा, लाज कसली त्यात.

आरडाओरडा करणाऱ्यावर एसीडीटी उघडतात, म्हणजे स्वतःला इजा करेल अशी भीती असलेल्याच्या निगराणीची फाईल, तो सगळ्यांना दिसतो. गप्प माणूस सुटतो. जेवायच्या रांगेत न येणारा, तीन दिवस तोच टीशर्ट घातलेला, फोन करायचं बंद केलेला. शिफ्ट बदलताना हॅंडओव्हरला त्याच्याबद्दल सांगतात, हा चांगला आहे, काही त्रास नाही याचा. हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, आणि बॅचला मी तेच सांगते, हे ऐकलंत की आधी त्याच्या दारात जा.

राग येतो तो एका गोष्टीचा. या सगळ्याच्या उजळणीचं रिफ्रेशर ठरलेलं असतं आणि सकाळी फोन येतो, विंगवर माणसं कमी आहेत, ट्रेनिंग पुढच्या महिन्यात. झटापटीत माणूस कसा धरायचा त्याचं ट्रेनिंग मात्र मी रद्द झालेलं बघितलेलं नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी खुर्च्या लावत होते तर तो रग्बीवाला परत आला, दारात उभा राहून विचारतो, ‘जेवलात का’ हे तुमच्या भाषेत कसं म्हणायचं? मी सांगितलं. त्यानं हातावर पेनानं लिहून घेतलं, इंग्रजी अक्षरांत, तीनदा म्हणून बघितलं, ‘ळ’ नाही म्हणून बरं झालं, आणि मग म्हणाला, पंजाबीत कसं म्हणतात? तेवढं मला येत होतं, तेही सांगितलं. तमिळ मात्र मला येत नाही, उद्या हेल्थकेअरमधल्या एकीला विचारून त्याला कळवायचंय.