रेघेपर्यंत

आज आईवर ओरडलो. रात्रीचे साडेअकरा वाजलेत. ती कूलरकडे पाठ करून झोपली आहे आणि मला झोप येत नाही.

झालं एवढंच. बाबांना घेऊन तीन दिवस अमरावतीला होतो (ते सगळं आज लिहीत नाही). जाताना माझ्या कोरलच्या (प्रवाळाच्या) खाऱ्या पाण्याच्या टाकीवर, काचेला स्केचपेनने रेघ मारून आईला सांगितलं होतं, पाणी खाली गेलं की रेघेपर्यंत भरत जा. तिने भरलं. दुपारी येऊन बघतो तर मशरूम कोरल, फुलासारखा दिसणारा तो समुद्री जीव, जे एरवी पुरीएवढं पसरलेलं असतं, ते आक्रसून सुपारीएवढं झालेलं. मधलं तोंड आ वासलेलं, त्यातून तपकिरी चिकट धागे बाहेर आलेले. कोणतं पाणी घातलंस, विचारलं.

"बोअरचं. खारंच लागते ना गा तुह्या फुलाले?"

आणि मी ओरडलो. काय बोललो ते लिहवत नाही. तिने पदराला हात पुसले आणि कणीक मळायला बसली.

तिचं काय चुकलं? कोणतं पाणी ते मी सांगितलंच नव्हतं. टाकीतून वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, आरओच्या. मला हे इतकं अंगवळणी पडलंय की ते सांगावं लागतं हेच विसरलो. आमच्या खारपाणपट्ट्यात जन्म काढलेल्या बाईने खाऱ्या टाकीत खारं पाणी घातलं, तर ते शहाणपणाचंच झालं.

संध्याकाळी किट काढून अल्कलाइनिटी, म्हणजे मुख्यतः पाण्यातलं बायकार्बोनेटचं प्रमाण, तपासली. एरवी आठ-नऊ थेंबांत निळ्याचं पिवळं होतं, आज बारा लागले. मीठ म्हणाल तर फारसं वाढलेलं नाही. साठ लिटरच्या टाकीत तिने सहा-सात लिटर घातलं असेल. आमच्या बोअरचं टीडीएस (विरघळलेले क्षार) साडेतीन हजार, म्हणजे लिटरला साडेतीन ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम असतात. बाधलं ते मीठ नाही, बोअरमधला बायकार्बोनेट. तोही जिवावर बेतेल इतका नाही. या जातीला दगडी सांगाडा नसतो, नुसता मांसल गोळा, आणि बाकीच्या कोरलांपेक्षा ती बरीच सोशीक. उजेड कमी चालतो, पाण्याचा जोर तर नकोच असतो. आक्रसतं, आठवड्याभरात परत पसरतं. हे मला दुपारीही माहीत होतं. माहीत असून ओरडलो.

की तो राग दुसऱ्याच कशाचा होता? अमरावतीच्या त्या बाकड्यावर बसून साठलेला. असो.

मला कुणी विचारत नाही की दर्यापूर तालुक्यातल्या गावात समुद्र कशाला पाळतोस. मुंबई सोडताना मित्राने दिलेला हा एवढासा तुकडा विदर्भ एक्स्प्रेसमध्ये रात्रभर मांडीवर घेऊन आलो होतो. तिथलं तेवढंच सोबत आलं. त्याला काही झालं की

लाइट गेली.

*

सव्वाएक. लाइट आत्ता आली.

पंप बंद पडला की पाण्यात हवा मिसळत नाही, पंखा बंद पडला की पाणी तापायला लागतं. मे महिन्यात पृष्ठभागावर पंखा सोडला तर आमच्या कोरड्या हवेत पाणी तीन-चार अंश उतरतं, पण त्या बदल्यात दिवसाला दोन लिटर उडून जातं. तेवढं गोडं पाणी रोज वरून. आमच्याकडे शहानूर धरणाचं पाणी चार दिवसांआड येतं. या घरात बाबांमुळे प्यायचं पाणी कसं मोजून वापरतात ते मी बघतो, तरी दोन लिटर घेतो. आई आजवर एका शब्दाने बोललेली नाही. बोअरचं घातलं तेव्हा माठात किती उरलं होतं, हे मी तिला विचारलंसुद्धा नाही.

तर अंधारात उठलो आणि लोट्याने टाकीतलं पाणी उचलून वरून परत ओतायला लागलो. पाच मिनिटांत मागे टॉर्च. आईच. काही न बोलता दुसरा लोटा घेऊन आली. मी ओतायचो, मग ती. तासभर असं. "हळू," मी म्हणालो, "त्याच्या अंगावर नको." "दिसते मले," म्हणाली.

मग मी खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला. काचेवर टाकीच्या पाण्याचा थेंब ठेवून टॉर्चकडे धरून तिला दाखवला, निळी रेघ ३५वर. माठाचा थेंब, शून्यावर. मग म्हणाली, बोअरचं दाखव. रेघ शून्याच्या जराशी वर, तीन-चारवर. बराच वेळ डोळा लावून बघत राहिली.

याच पाण्यात तिची डाळ शिजत नाही. याच पाण्याने लुगड्यांवर पांढरे चट्टे पडतात. विहीर असून आमच्या वावरात ओलित नाही, पावसावर येईल ती कपाशी-तूर. आणि बाबांचं.

"एवढंसंच खारं हाये हे?" म्हणाली.

मला उत्तर देता आलं नाही. दुपारच्या बोलण्याबद्दल काही म्हणावं म्हणून तोंड उघडलं तर ती म्हणाली, "ते दोन लोटे पालथे घाल, अन् झोप आता."

पंप सुरू झालाय. निळ्या दिव्याखाली मशरूम अजून सुपारीएवढंच आहे, पण धागे आत गेलेत, तोंड मिटलंय. सकाळी आरओ प्लांटवरून दोन जार आणतो. एक समुद्री मीठ कालवून टाकीचं पाणी बदलायला, एक माठात.