मोंतोनेचं सूर्यघड्याळ

"तुम्ही यशवंतच्या मुलखातले का?" इटलीत, उंब्रिया प्रांतातल्या मोंतोने गावी सूर्यघड्याळापाशी एका आजोबांनी विचारलं. यशवंत! घरातल्या पोराचं नाव घ्यावं तसं.

१० जुलै १९४४. दुसरं महायुद्ध. इथलंच वरचं टायबर खोरं. सोबतचे सगळे मेलेले नाहीतर जखमी. मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे एकटेच शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक उलटी धरून भिडले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचं सर्वोच्च युद्धशौर्य पदक.

मोंतोनेकडे स्वतःचा इतिहास काय कमी आहे? फोर्तेब्राच्चो घराण्याचे सेनानी, त्यांनी आणलेल्या पवित्र काट्याचा (येशूच्या काटेरी मुकुटातला मानला जाणारा) उत्सव. तरी २०२३ मध्ये गावाने रायगडच्या या पोराचं स्मारक उभारलं, तेच हे सूर्यघड्याळ.

माणगावात त्यांचा पुतळा आहे. कोकणात जाताना आपल्यातले किती जण तिथे गाडी थांबवतात?