तुम्ही विचारलंत म्हणून: न दिसणारे ट्यूना मोजतात कसे?

प्रश्न बहुतेक वेळा याच शब्दांत येतो: "समुद्रात इतके ट्यूना उरलेत असं सांगता, पण मोजले कोणी?" कोणीच नाही. मोजलं जातं ते दुसरंच काहीतरी: गळाला लागलेले मासे, परत आलेल्या खुणा, सापडलेले आईबाप. त्यावरून मागे जात आकडा काढतात. म्हणून कोणताही आकडा समोर आला की मी आधी एकच गोष्ट बघतो: हा चुकला तर कोणत्या बाजूला चुकेल?

सगळ्यात जुनं माप म्हणजे हजार गळांमागे किती मासे लागले. लाँगलाइनचा दोर 50 ते 100 किलोमीटर लांब असतो आणि त्यावर दोन-तीन हजार गळ असतात. मासे निम्मे झाले की हजार गळांमागचे मासेही निम्मे व्हावेत, असा साधा हिशोब. तो बिघडवायला फारसं काही लागत नाही. 1970 च्या दशकात बिगआय ट्यूनासाठी जहाजं गळ खोल सोडू लागली. दोर तरंगता ठेवणाऱ्या दोन फ्लोटांच्या मध्ये पाच-सहा गळ असायचे, ते पंधराच्या वर गेले. गळ वाढले की दोराची झोळ वाढते आणि मधले गळ खोल जातात. मग वरच्या थरात वावरणाऱ्या माशांचा आकडा घसरतो, मासे होते तेवढेच असले तरी. म्हणून जहाजाच्या नोंदवहीत 'दोन फ्लोटांमधले गळ' हा रकाना रिकामा असला तर बाकीच्या नोंदींचं मोल निम्म्यावर येतं.

पर्ससीनची, म्हणजे थव्याभोवती टाकायच्या गोल जाळ्याची, गोष्ट उलटी. थवा सापडेपर्यंत शोधायचं आणि सापडला की वेढा टाकायचा, त्यामुळे थवे शंभर असोत की दहा, प्रत्येक वेढ्यात जाळं भरतंच. त्यातून आता मासे जमवायला सोडलेल्या तराफ्यांना लावलेले बोये उपग्रहामार्फत कळवतात की खाली मासा किती जमलाय. साठा खचत असताना पकड छान दिसत राहते. मला हे माप सगळ्यात जास्त धोक्याचं वाटतं, कारण ते चुकतं तेव्हा दिलासा देत चुकतं.

दुसरा मार्ग खुणांचा. मासा पकडायचा, पाठीवरच्या दुसऱ्या पराच्या बुडाशी प्लॅस्टिकची खूण तिरकी खुपसायची, सोडायचा आणि पुढे पकडलेल्यांत किती खुणा दिसतात ते बघायचं. खूण गळून पडली, मासा सोडल्यावर मेला किंवा खलाशाने खूण कळवलीच नाही, तर खुणा कमी परततात आणि साठा आहे त्यापेक्षा मोठा भासतो. निम्म्याच खुणा कळवल्या गेल्या तर आकडा थेट दुप्पट. उलट, खुणांचे मासे इतरांत मिसळायच्या आत त्याच भागात पुन्हा मासेमारी झाली तर साठा लहान भासतो.

या सगळ्या अडचणी एकाच माशावर येऊन कोसळल्या: सदर्न ब्लूफिन ट्यूना. हा मासा 40 वर्षांपर्यंत जगतो, अंडी घालायला साधारण 10-12 वर्षांचा व्हावा लागतो आणि अंडी घालण्याची जागा एकच, जावाच्या दक्षिणेचा समुद्र. पिल्लं ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्याशी वाढतात. 2006 मध्ये जपानच्या बाजारातली आवक तपासली गेली तेव्हा नोंदींपेक्षा बरीच जास्त पकड वर्षानुवर्षं होत आल्याचं दिसलं. म्हणजे ज्या नोंदवह्यांवर साठ्याचा अंदाज बेतला होता, त्यांच्यावरच भरवसा उरला नाही.

तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेने नोंदींवर अवलंबून नसलेली पद्धत उभी केली. पाया सोपा आहे. प्रत्येक पिल्लाला दोनच पालक असतात. प्रौढ मासे 'न' इतके असतील, तर हाती आलेला एखादा प्रौढ मासा हाती आलेल्या एखाद्या पिल्लाचा पालक असण्याची शक्यता 2 भागिले न. समजा 2,000 प्रौढ आणि 5,000 पिल्लांचे नमुने घेतले. जोडीजोडीने तपासले की 1 कोटी तुलना होतात. त्यातून 50 पालक-पिल्लू जोड्या निघाल्या, तर न = 2 × 1 कोटी ÷ 50, म्हणजे 4 लाख प्रौढ. इथे खूण पिल्लू स्वतःच घेऊन येतं. ती गळून पडत नाही आणि ती कोणी कळवायची वाटही बघावी लागत नाही. प्रत्यक्षात प्रौढांचे नमुने बालीतल्या बेनोआ बंदरातून घेतले, पिल्लांचे ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकनमधून. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात सुमारे 14,000 माशांतून 45 जोड्या होत्या.

ही पद्धतही फसते, पण कुठे फसते ते माहीत आहे. मोठी मादी जास्त अंडी घालते. नमुन्यात मोठ्या माद्याच जास्त आल्या तर जोड्या जास्त निघतात आणि साठा लहान भासतो. म्हणून प्रत्येक प्रौढाची लांबी लागतेच, तीही तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत, सरळ रेषेत. अंगावरून वळवलेल्या फितीचं माप जास्त भरतं, आणि दोन बंदरांनी दोन तऱ्हेने मोजलं तर सगळाच घोळ. वय कानातल्या खड्यावरची वलयं मोजून ठरवतात, कारण पिल्लू जन्मलं त्या वर्षी तो मासा प्रौढ होता का हे कळावं लागतं. आणि सुरी. मांसाचा तुकडा घेताना आधीच्या माशाचं रक्त पात्यावर राहिलं तर दोघांचा डीएनए मिसळतो आणि तो नमुना भलत्याच माशांचा पालक ठरू शकतो. कोट्यवधी तुलनांमधून मोजक्याच जोड्या निघतात, त्यात दोन-चार खोट्या घुसल्या तरी निकाल हलतो.

पिल्लांची संख्या बघायला पूर्वी विमानातून पाहणी करायचे. वारा आणि पाण्यावरची चमक त्यात घात करायची. आता दोन वर्षांचे मासे पकडून पोकळ सुईने मांसाचा कण काढतात आणि लगेच सोडतात. पुढच्या वर्षी पकडीतल्या तीन वर्षांच्या माशांचे नमुने घेऊन डीएनए जुळवतात. 2016 च्या पहिल्या फेरीत 2,952 मासे असे नोंदवून सोडले, पुढे पकडीतले 15,391 तपासले आणि 20 जुळले. 2,952 × 15,391 ÷ 20, म्हणजे दोन वर्षांचे मासे साधारण 22 लाख 70 हजार. पण 20 च्या जागी 16 जुळले असते तर हाच आकडा 28 लाखांवर गेला असता, आणि 25 जुळले असते तर 18 लाखांवर आला असता. एवढ्याशा जुळणीवर दरवर्षी कोटा, म्हणजे किती मासे पकडायचे ती मर्यादा, ठरवला तर तो नुसत्या योगायोगानेही वर-खाली होईल.

म्हणून कोटा आकड्यावरून थेट ठरवत नाहीत. या माशाचा आयोग, सीसीएसबीटी, 2019 मध्ये स्वीकारलेलं सूत्र वापरतो. त्यात लाँगलाइनची पकड, पिल्लांची डीएनए जुळणी आणि पालक-पिल्लू जोड्या अशी तिन्ही मापं जातात. कोटा तीन वर्षांसाठी ठरतो आणि एका वेळी 3,000 टनांपेक्षा जास्त बदलत नाही. सूत्र आधी ठरलेलं असतं, त्यामुळे बैठकीत आकडा आवडला नाही म्हणून घासाघीस करायला वाव कमी. 2021 ते 2023 साठी कोटा 17,647 टन होता. 2024 ते 2026 साठी 20,647 टन. फरक बरोबर 3,000.